शिट्टी वाघाची

“वाजवून दाखव की,” द्वारकाबाई म्हणाल्या.

मी नारिंगी प्लॅस्टिकची शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले आणि अशी काही फुंकली, की कालव्यापलीकडचे बगळे उडाले.

दुपारची वेळ. रविवारी उसाची तोड बंद, त्यामुळे तोडकऱ्यांची सगळी टोळी आपल्या झोपड्यांवर, कोप्यांवरच होती. बायका चुलीपाशी आणि पुरुष आत लवंडलेले. शिट्टीचा आवाज विरतोय तोच पाचटाच्या त्या बुटक्या कोप्यांतून पुरुष भराभरा बाहेर पडले. कुणी बनियनवर, कुणी टॉवेलवर, पण एकूणएकाच्या हातात कोयता. “कुठंय? कुठंय?” करत ते चहूबाजूंनी आमच्याकडे धावले. एकाने पळता पळता पत्र्याचा डबा बडवायला घेतला. कुत्र्यांनी तर कहर केला.

माझा वर्गमित्र इरफान तांबोळी शिट्ट्यांचं खोकं छातीशी धरून माझ्या मागे दडला. “चारू,” तो पुटपुटला, “आपण काय केलं?”

“काय हाय ते सांगा आधी!” टोळीचे मुकादम आसाराम अण्णा धापा टाकत पुढे आले. “कुणीकडं गेला?”

“कोण?” मी विचारलं.

“कोण म्हंजे? वाघ!”

आमच्या जुन्नर भागात उसात बिबटे नांदतात, ही काही नवलाची गोष्ट नाही. टोळीतले लोक बीडकडचे, ते बिबट्याला सरळ वाघच म्हणत. हंगामाच्या सुरुवातीला वनखात्याच्या माणसांनी येऊन सांगून ठेवलं होतं, की बिबट्या दिसला तर शिट्टी मारा, डबे बडवा, एकत्र या. त्यामुळे या टोळीत शिट्टीचा अर्थ एकच होता. आणि आम्ही दोघे शहाणे बायकांच्या सुरक्षिततेसाठी खोकंभर शिट्ट्या घेऊन आलो होतो.

मी घाईघाईने समजावू लागले. कुणी त्रास दिला, पाठलाग केला, तर बाईने शिट्टी मारायची म्हणजे...

“न्हाई, न्हाई,” अण्णांनी हात वर केला. “शिट्टी फकस्त वाघासाठी. उठसूट कुनी वाजवाय लागलं तर खरा वाघ आल्यावर कोन येईल?” त्यांनी इरफानच्या हातातलं खोकं काढून घेतलं, बायकांना वाटलेल्या शिट्ट्याही गोळा केल्या आणि आपल्या कोपीत नेऊन ठेवल्या. पुरुषमंडळी हसत, शिव्या घालत परत लवंडायला गेली. आमची सुरक्षितता योजना अशी पाच मिनिटांत निकालात निघाली.

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. कारण दुसऱ्या दिवशी आमची अंतिम फेरी होती.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. वेगवेगळ्या देशांतल्या कॉलेजांची एक स्पर्धा निघाली होती. विषय होता हवामान बदल, स्थलांतर आणि स्त्रियांची सुरक्षितता. नुसता निबंध लिहून चालणार नव्हतं, आपल्या भागात काहीतरी करून दाखवायचं होतं. आमच्या घोलप मॅडमनी माझं आणि इरफानचं नाव दिलं. आम्ही एकेक फेरी पार करत गेलो आणि गावात हवा झाली. मारुतीच्या पारावरचे म्हातारे मला “काय, युनो!” म्हणून हाक मारू लागले. सोमवारी सकाळी अकरा वाजता इंटरनेटवरून जगासमोर बोलायचं होतं, आणि सांगायला काय? तर शिट्ट्या वाटल्या आणि मुकादमांनी जप्त केल्या.

इरफान तेवढ्यातही आपली प्रश्नावली काढून बसला. “मावशी, हवामान बदलाचा तुमच्या स्थलांतरावर काय परिणाम झाला?”

द्वारकाबाई भाकरी थापत होत्या. पन्नाशीच्या, काटक बाई. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “आधी निम्मं गाव येयाचं तोडीला. आता कुत्रं बी मागं ऱ्हात न्हाई. दोन वर्सं पाऊस आलाच न्हाई अन् तिसऱ्या वर्सी आला तो मातीच घिऊन गेला. लिव.” इरफानने लिहिलं.

एवढ्यात माझ्या ओढणीला कुणीतरी ओढलं. शिवकन्या. टोळीतली सगळ्यात धाकटी सून, माझ्याच वयाची. आम्ही कोप्यांवर पहिल्यांदा आलो त्या दिवशी तिने माझ्याकडून तालुक्याचं वर्तमानपत्र मागून घेतलं होतं आणि छोट्या जाहिरातींसकट वाचून परत दिलं होतं. कडेवर तिची वर्षाची पोर होती, आणि पोरीच्या तोंडात आमची नारिंगी शिट्टी! लाळेने माखल्यामुळे तेवढी एक जप्तीतून सुटली होती.

“ताई, जरा येतीस का?” ती म्हणाली. “वाढं आनायचंय.”

उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढं. ते आणायला तिला माझी गरज नव्हती, हे मलाही कळलं. मी निमूट तिच्या मागे गेले.

कालव्याच्या कडेला वेड्या बाभळींची रांग होती, तिच्यामागे अजून न तोडलेला उंच ऊस. शिवकन्या तिथे थांबली. “ही आमची परसाकडची जागा. पहाटं समद्याजनी मिळून येतो. पर माझी पोर नेमकी तवाच उठती. तिला पाजून निघेपर्यंत ह्या परत फिरत्यात. मी एकलीच मागं ऱ्हाते.”

“मग?”

“डिगूशेठ येतो.”

डिगूशेठला मी ओळखत होते. साऱ्या शिवारात कोण ओळखत नव्हतं? कारखान्याचा चिटबॉय. कुणाच्या उसाच्या फडाला आज गाडी लागणार, कुणाचा ऊस वाळत पडणार, हे त्याच्या चिठ्ठीवर ठरायचं. शेतकरी त्याला चहा पाजत आणि मुकादम त्याला पाहून उभे राहत. केस चापून बसवलेले, बुटांना कायम पॉलिश.

“आधी तिकडं पान्याच्या मोटारीच्या खोलीपाशी गाडी लावून उभा ऱ्हायाचा. मंग बाभळीपत्तुर आला. काल त्यानं पदर धरला.” शिवकन्या पोरीच्या पाठीवर थोपटत राहिली. “मी हिसका दिऊन पळाले. मागून म्हनला, उद्या सुट्टी, परवा भेटू.”

त्याचा परवा म्हणजे आता उद्याचीच पहाट.

“मुकादमांना सांगितलंस?”

“द्वारकामावशीनं सांगितलं. ते म्हनले, त्याच्या वाकड्यात गेलो तर गाडीच लावायचा न्हाई, समद्या टोळीचा ऊस वाळंल.”

“आणि तुझा नवरा?”

“गोरख? त्याला कळलं तर एक तर त्या मुडद्याला कोयत्यानं तोडंल, न्हाईतर मला पोरीसकट गावाकडं धाडंल. गावात कोन हाय? हिरीला पानी न्हाई, दाराला मानूस न्हाई.” तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, “एक सांगू का ताई? मघाशी तू शिट्टी मारलीस अन् समदे कोयते घिऊन पळत आले. मी आजवर असं बघितलं न्हवतं. बाईमागं मानूस लागला म्हनलं, तर आधी तिलाच इचारत्यात, तू तिथं गेली व्हतीस कशाला? वाघ आला म्हनलं, तर कुनी काय इचारीत न्हाई. नुसते पळत येत्यात.”

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पोरीने शिट्टीत हळूच फुंकर घातली. पीं.

“मग वाघच म्हणू या की!” मी म्हणाले.

शिवकन्येचे डोळे लकाकले. पदर तोंडात कोंबून ती अशी हसली, की पोरगीही तिच्याकडे बघून खिदळली.

संध्याकाळी द्वारकाबाईंच्या चुलीपाशी आमची खलबतं झाली. वाढ्याच्या भाऱ्याआड आम्ही तिघी आणि इरफान. त्याला मी सगळं सांगितलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले. आधी तो संतापला आणि मग, स्वभावच तसा, शंका काढू लागला.

“पण मावशी, ती गोष्ट आहे ना, लांडगा आला रे आला! तो पोरगा खोटंच ओरडतो आणि शेवटी कुणीच येत नाही.”

“ठाव हाय मला ती गोष्ट,” द्वारकाबाई म्हणाल्या. “त्या पोराचं चुकलं काय, तर एकलंच वरडलं. आमी समद्याजनी वरडू. अन् खोटं कसं? येनारा येतोच हाय की.”

द्वारकाबाईंनी भराभर कामं वाटून दिली. बायका नेहमीसारख्या पहाटे जातील आणि नेहमीसारख्या परत फिरल्याचं दाखवतील, पण बाभळीत दबा धरून बसतील. ताटल्या पदराखाली. शिवकन्या मागून येईल. तिची शिट्टी वाजली की सगळ्या बोंब ठोकतील. इरफानने डांबरी रस्त्यावर उभं राहायचं आणि ओरडा ऐकू आला की वनखात्याला फोन लावायचा.

“वनखात्याला?” इरफान म्हणाला. “पोलिसांना का नको?”

“वाघ आल्यावर पोलिसाला कोन बोलावतं रे?” द्वारकाबाईंनी त्याला वेड्यात काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वेटर घालून दार उघडलं, तर आई उठून बसलेली. “एवढ्या थंडीचं कुठं निघालीस?”

“जागतिक परिषदेला,” मी म्हणाले आणि तिने पुढचं विचारायच्या आत सटकले.

धुकं असं दाट होतं, की बाभळीचं झाड अंगाला टोचल्यावरच कळायचं. मी द्वारकाबाईंशेजारी दडून बसले होते. दंडात काटा रुतला होता आणि हलायची सोय नव्हती. आजूबाजूला बायकांचे श्वास ऐकू येत होते. कुणाची तरी बांगडी वाजली आणि चार जणींनी तिला दटावलं. मनात एकच घोकणी चालली होती. तो आलाच नाही तर? आणि आला, आणि शिट्टी वाजलीच नाही तर?

मोटरसायकलचा आवाज आला. मोटारीच्या खोलीपाशी थांबला. धुक्यातून बुटांची चाहूल जवळ येऊ लागली. पॉलिशचे बूट ओल्या गवतात चबचब वाजत होते. मग पायवाटेने शिवकन्या आली. एकटी, डोक्यावरून पदर, हातात तांब्या. पोर सासूपाशी ठेवली होती.

“आलीस का?” तो म्हणाला. आवाजात मध घोळलेला. “म्हटलं रागावली का काय.”

तिने उत्तर दिलं नाही. तो आणखी पुढे आला आणि त्याने हात लांबवला. द्वारकाबाईंनी माझं मनगट करकचून धरलं.

शिट्टी वाजली.

आदल्या दिवशी मी वाजवली होती तो पोरखेळ होता. शिवकन्येने जी फुंकली, तिच्यात महिन्याभराचा दाबून धरलेला श्वास होता. त्यापाठोपाठ सगळ्या बाभळी एकदम ओरडल्या. “वाघ! वाघ आला! वाघ!” ताटल्यांचा खणखणाट उठला. मीही ओरडले. आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते, आणि काय सांगू, त्या ओरडण्याची मजा काही औरच होती!

डिगूशेठ जागच्या जागी गरकन फिरला. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला बायका आणि समोरून, कोप्यांकडून, पुरुषांचा लोंढा. कोयते, काठ्या, पेटते टेंभे. त्याने एकच क्षण इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ उसात उडी घेतली.

“उसात शिरला! उसात शिरला!” बायका ओरडल्या. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

बघता बघता फडाला वेढा पडला. वस्तीवरचे शेतकरी आले. ज्यांचा ऊस होता ते बबनराव मफलर गुंडाळत आले. कुणीतरी सुतळी बॉम्ब आणले होते, ते फुटू लागले. धुकं पातळ होत गेलं तशी माणसं वाढत गेली. उसाचा एखादा शेंडा जरी हलला, तरी शंभर बोटं तिकडे वळत.

“हालतंय! हालतंय!”

“केवढा हाय?”

“लई मोठा हाय गं बया,” द्वारकाबाई गंभीर चेहऱ्याने सांगत होत्या. “चांगला पोसलेला.”

मी ओढणी तोंडाशी धरून हसू दाबत होते. शिवकन्या मात्र हसत नव्हती. ती गोरखकडे पाहत होती. तो सगळ्यात पुढे, कोयता परजून उभा होता, आणि ज्याच्यावर तो परजला होता ते कोण आहे याची त्याला कल्पना नव्हती. तिचा रंग उडालेला बघून माझंही हसू ओसरलं. खेळ आता आमच्या हातात राहिला नव्हता.

तेवढ्यात वनखात्याची जीप आली. मागे पिंजरा जोडलेला. त्यातून वनरक्षक प्रमिला केदारी उतरल्या. खाकी कपडे, कानाला मफलर आणि हातात विजेरी. आमच्या भागात बिबट्या म्हटलं की केदारीताई. त्यांनी गर्दीला मागे सारलं आणि कुणाला काही न विचारता आधी जमीन पाहायला सुरुवात केली. बाभळीपासून फडापर्यंतच्या ओल्या मातीवर त्या वाकून चालत गेल्या. एके ठिकाणी त्या उकिडव्या बसल्या, तिथेच थोडा वेळ राहिल्या. मग उठून मोटारीच्या खोलीपर्यंत जाऊन आल्या.

“कुणी पाहिला बिबट्या?” त्यांनी विचारलं.

त्यांची नजर फिरत फिरत शिवकन्येच्या गळ्यातल्या नारिंगी शिट्टीवर थांबली.

“हा रोजचा आहे,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “आजचे ठसे आहेत, त्याखाली कालपरवाचे आहेत. इथं बाभळीआड उभा राहतो. सिगारेटची थोटकं टाकतो. मोटारीच्या खोलीपासून पायी येतो, तिथं त्याची मोटरसायकल उभी आहे.” त्यांनी विजेरी बंद केली. “आणि चालतो दोनच पायांवर.”

गर्दीतून एक कुजबुज सरसरत गेली. पुरुषांनी बाभळींकडे पाहिलं, मग आपापल्या बायकांकडे. ही जागा कुणाची, पहाटे इथे कोण येतं, हे त्यांना काय सांगायला हवं होतं? आसाराम अण्णांचा चेहरा मात्र उतरला. मोटरसायकल कुणाची, हे त्यांनी ओळखलं होतं.

“बबनराव,” द्वारकाबाईंनी हाक मारली, “पेटवा फड. जळिताचा ऊस बी तोडू आमी, त्यात काय!”

“अरे पेटवू नका!” उसातून किंकाळी आली. “पेटवू नका, मी आहे!”

पाचट करकरत बाजूला झालं आणि डिगूशेठ बाहेर आला. चापून बसवलेले केस भुरभुर उडत होते, गालावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, एक बूट आतच राहिलेला. दोन्ही हात वर. कुणीतरी फिसकन हसलं आणि तिथेच थांबलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं.

गोरखने शिवकन्येकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली नाही. तेवढ्यावरून त्याला उमगलं. तो कोयता उगारून धावला.

“गोरख!” द्वारकाबाई मधे जाऊन उभ्या राहिल्या. काटक बाई, पण कमरेवर हात ठेवून अशी उभी, की कोयता वरच राहिला. “कायदा म्हाईत हाय ना? वाघाला मारायचं नसतं. धरून द्याचं असतं. व्हय की न्हाई, ताई?”

“अगदी बरोबर,” केदारीताई म्हणाल्या आणि त्यांनी डिगूशेठचा दंड धरला.

आता डिगूशेठला कंठ फुटला. “परसाकडं आलो होतो मी. तो काय गुन्हा आहे?” गर्दीत खसखस पिकली तसा तो चवताळला. त्याने मुकादमांकडे पाहिलं, बबनरावांकडे पाहिलं. दोघांना रोज ज्याच्या दारात उभं राहावं लागे, तोच हा माणूस होता. “कुणाची तक्रार आहे माझ्यावर? हां? आहे का कुणाची? समोर या ना!”

सुतळी बॉम्बचा धूर तेवढा तरंगत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तक्रार माझी नव्हती, आणि मोडणारं घरही माझं नव्हतं. मी शिवकन्येचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

“माझी हाय,” ती म्हणाली.

ती दोन पावलं पुढे गेली. “माझी हाय तक्रार. परवा ह्यानं माझा पदर धरला. आज हात धराया आला. पोलिसात सांगते, कोर्टात सांगते, म्हनशील तिथं सांगते.”

“माझी बी लिवा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “माझ्या वयाला शोभायची न्हाई, पर चार रोज झालं मी परसाकडं चुकवून ऱ्हायले ह्याच्यापायी. त्याची बी तक्रार अस्तीच की.”

मग एकेक बाई बोलू लागली. कुणाला त्याने हाक मारली होती, कुणाच्या वाटेत उभा राहिला होता. पुरुष माना खाली घालून ऐकत होते. आसाराम अण्णा डोक्यावरची टोपी काढून, ती हातात चुरगाळत उभे होते. शेवटी बबनराव खाकरले. “गाडीचं मी बघतो, अण्णा. कारखान्यावर मी स्वतः जातो. बघू कोण तुमची गाडी अडवतंय.”

पण शिवकन्येला गाडीचं पडलं नव्हतं. ती गोरखसमोर उभी होती.

“मला का न्हाई सांगितलंस?” त्याने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू त्याला तोडला असतास, न्हाईतर मला गावाकडं धाडलं असतंस. दोन्हीत घर माझंच मोडलं असतं.”

गोरखने कोयता बांधाच्या मातीत रोवला. “पोरीला घिऊन येतो,” तो म्हणाला. “दिवसभर ऱ्हावं लागंल पोलीस ठान्यात. दूध लागंल तिला.” आणि केदारीताईंना म्हणाला, “ताई, जीपमधी आमाला जागा हाय का?”

जागा पुढे होती. डिगूशेठलाही पुढेच बसवावं लागलं असतं, पण त्याच्यामुळे बायकांना अडचण नको म्हणून द्वारकाबाईंनी त्याच्यासाठी मागची, पिंजऱ्यातली जागा सुचवली. केदारीताई काही त्याला पिंजऱ्यात घालायच्या नव्हत्या. तो जीपच्या मागच्या बाकावर दोन वनमजुरांच्या मधे बसला आणि रिकामा पिंजरा त्याच्या मागून खडखडत गेला. गावातून जीप जाताना लोक पिंजऱ्यात वाकून बघत आणि मग पुढे कोण बसलंय ते बघत.

अकरा वाजता मी आणि इरफान पोलीस ठाण्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली होतो. माझ्या ओढणीत बाभळीचे काटे आणि केसांत पाचट. तयार केलेली चित्रं, आकडे, नकाशे, सगळं कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये. घोलप मॅडम फोनवर रडकुंडीला आलेल्या. इरफानने आपला फोन कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवला आणि पडद्यावर एकेक चौकट उघडत गेली. नैरोबी, मनिला, खुलना.

मी पहाटेची हकिकत सांगितली. माझं इंग्रजी धावत होतं, पडत होतं आणि परत उठत होतं. बांगलादेशातल्या खुलन्याची एक मुलगी होती, शर्मिन. नदीने तिच्या आजोळची गावं गिळली होती आणि वादळात बायका ज्या निवाऱ्यात जातात, तिथे त्यांच्यावर काय बेततं याचा तिने अभ्यास केला होता. तिने विचारलं, “पण बिबट्याच का?”

मी शिवकन्येचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माणूस म्हटलं तर आधी तिलाच विचारतात. वाघ म्हटलं तर नुसते पळत येतात.

शर्मिनने तोंडावर हात ठेवला. ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही.

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांच्या मते आमच्या उपक्रमाचे परिणाम मोजता येण्याजोगे नव्हते. खुलन्याचा पहिला आला आणि मी टाळ्या वाजवल्या. डिगूशेठची नोकरी गेली, खटला रडतखडत चालला, पण शिवकन्या प्रत्येक तारखेला हजर राहिली. अण्णांनी शिट्ट्यांचं खोकं द्वारकाबाईंच्या हवाली केलं. बीडकडचा पाऊस मात्र अजून सुधारलेला नाही. टोळी आजही येते.

गेल्या हंगामात मी मुद्दाम कोप्यांवर गेले, कारण शर्मिनने एक आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. ती आता त्याच निवाऱ्यांवर काम करते. मी फोन शिवकन्येच्या कानाशी धरला. आधी वारा, पाण्याचा लोट आणि मग एकाएकी ताटल्यांचा खणखणाट आणि कितीतरी बायका एका गळ्याने, “बाघ! बाघ! बाघ!”

शिवकन्या ताठ झाली. “आपलंच हाय की हे! कुठलं गाव?”

“बांगलादेश. लांब आहे. समुद्राकाठी.”

“तिकडं बी ऊस असतो?”

“नाही. पाणीच पाणी.”

“मंग डिगूशेठ तिथं कसा पोचला?”

तिने परत एकदा ऐकलं आणि मग एकदम उठली. “लाव ते रेकॉर्ड. आपलं बी पाठव तिला.” तिने गळ्यातली शिट्टी काढली, रंग पार उडालेली, आणि फुंकली. चुलीचुलीपाशी बायका उठल्या. द्वारकाबाईंनी तव्यावर उलथनं बडवलं. “वाघ! वाघ! वाघ!”

कोप्यांतून पुरुष कोयते घेऊन धावत सुटले. सगळ्यात पुढे गोरख, अर्ध्या दाढीला साबण लागलेला. “कुठंय? कुठंय?”

“बांगलादेशात!” शिवकन्या ओरडली. “जावा, दाढी करा!”